व्यवसाय-कोचिंग

व्यवसाय-कोचिंग : उद्योगाच्या मालकाशी ठरावीक काळाने एकास-एक संवाद साधून त्याच्या निर्णयांत व कामकाजाच्या पद्धतीत बदल घडवून आणण्याची रीत. सल्लागार उत्तर देतो आणि कोच प्रश्न विचारून मालकालाच उत्तरापर्यंत नेतो, असा भेद सामान्यतः केला जातो; त्याच धंद्यातील अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन याहून निराळे मानतात. लघुउद्योगांत मात्र हे तीनही प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात. मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की शिकवणीवर्ग आठवतो, पण ‘प्रशिक्षण’ हा प्रतिशब्दही येथे अपुरा पडतो. कारण प्रशिक्षण समूहाला देता येते, हे काम मात्र एकाच मालकाच्या हिशोबवह्या समोर ठेवून करावे लागते.

‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच या गावाच्या नावावरून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. तेथे बनणाऱ्या घोडागाड्या पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपभर पसरल्या आणि गावाचे नाव गाडीला मिळाले; रेल्वेच्या डब्याला आपण कोच म्हणतो तो हाच शब्द. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत, परीक्षेच्या पार ‘वाहून नेणारा’ शिक्षक या अर्थाने तो रूढ झाला व पुढे तीन-एक दशकांत क्रीडाक्षेत्रात गेला.

व्यवसायक्षेत्रातील आरंभाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक १९३७ मधील एका लेखाकडे बोट दाखवतात; त्यात कारखान्यातील जुन्या कामगारांनी नव्यांना शिकवून नासधूस कशी कमी केली, याचे वर्णन आहे. परंतु तेथे शब्द असला तरी आजची पद्धत दिसत नाही. तिचा उगम अमेरिकन टेनिस-प्रशिक्षक टिमोथी गॅलवे यांच्या १९७४ मधील लेखनात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. खेळाडूला सूचना देण्यापेक्षा त्याचे लक्ष त्याच्या स्वतःच्या खेळाकडे वळवावे, असा त्यांचा आग्रह होता. तो विचार ब्रिटनमध्ये उद्योगांकडे वळवणाऱ्यांत जॉन व्हिटमोर हे प्रमुख होत; ते पूर्वी मोटारशर्यतींतील चालक होते. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय या चार पायऱ्यांची, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ग्रो’ म्हटली जाणारी रचना त्यांच्या १९९२ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली. तिचे श्रेय ग्रॅहम अलेक्झांडर व ॲलन फाइन यांनाही दिले जाते. १९८० च्या दशकातील सामूहिक कामातून ती घडली असावी, हे मत ग्राह्य दिसते.

परिणामांचा सर्वांत काटेकोर अभ्यास महाराष्ट्राशी निगडित आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर (जि. पालघर) व गुजरातमधील उंबरगाव येथील कापड गिरण्यांना काही महिने विनामूल्य व्यवस्थापन-साहाय्य पुरवले. दोषांची नोंद, यंत्रांची नियमित देखभाल, सुताच्या साठ्याची मोजदाद यांसारख्या साध्या गोष्टी अंगवळणी पडल्यावर पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. गिरण्यांची वाढ भांडवलापेक्षा घरातील विश्वासू पुरुषांच्या संख्येशी निगडित होती, हे निरीक्षण विशेष मोलाचे आहे. बाहेरच्या व्यवस्थापकावर अधिकार सोपवण्याची ही अडचण छोट्या दुकानदारालाही तंतोतंत लागू पडते. मात्र या गिरण्यांत सरासरी अडीचशेहून अधिक माणसे काम करीत आणि दिलेले साहाय्य सल्लागारांचे होते, त्यामुळे निष्कर्ष कोचिंगला जसाच्या तसा लावू नये. २०१७ मध्ये पुन्हा पाहणी केली तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलणे आणि मालकांना वेळ नसणे, ही प्रमुख कारणे निघाली. तरीही साहाय्य न मिळालेल्या गिरण्यांपेक्षा त्या पुढेच होत्या.

सूक्ष्म व्यवसायांबाबत केनियातील प्रयोग अधिक जवळचा आहे. नैरोबीतील दांदोरा वस्तीतील स्त्री-व्यावसायिकांपैकी ज्यांना त्याच वस्तीतील यशस्वी व्यावसायिकेची सोबत मिळाली, त्यांचा नफा सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढला, मुख्यतः स्वस्त पुरवठादार सापडल्यामुळे. सोबत संपल्यावर हा लाभ ओसरत गेला. वर्गातील शिकवणुकीने नफ्यात फरक पडला नाही.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात बहुधा गल्ला आणि घरखर्च वेगळे करण्यापासून होते. त्यानंतर उधारीची वसुली, मालाच्या किमतीत मालकाच्या स्वतःच्या श्रमांचे मूल्य धरणे आणि कोणती कामे नोकरावर सोपवायची, हे प्रश्न येतात. पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असल्याने पुढे ढकललेला निर्णय घ्यावाच लागतो. या रीतीचे खरे बळ बहुधा याच नियमितपणात आहे.

भारतात लघुउद्योगांना सरकारी मार्गदर्शन १९५४ पासून संघटित झाले. १९६० च्या दशकात हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार संस्थेच्या सहकार्याने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचे, म्हणजे यश मिळवण्याची आंतरिक ओढ वाढवण्याचे, प्रशिक्षण दिले. ते समूहाने घेतलेले असले तरी मालकाची मनोवृत्ती हाच विकासाचा विषय मानणारा हा महत्त्वाचा भारतीय प्रयोग आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले. त्याचा भर प्रामुख्याने समूह-प्रशिक्षणावर राहिला आहे. स्वतःला कोच म्हणवण्यासाठी भारतात परवाना लागत नाही आणि १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाचे प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे.