संपर्कवही लिनक्सवर नेताना नावं का फुटतात

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न चालणारे पण एरवी धडधाकट लॅपटॉप घरोघरी उरले. त्यातले काही लिनक्स मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या मोफत प्रकारांवर गेले. मेलचं फारसं अडत नाही, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवण्याची पद्धत) असेल तर पासवर्ड टाकला की सगळं सर्व्हरवरून खाली उतरतं. अडतं ते संपर्कांपाशी. फाइल इंपोर्ट केली की नावाच्या जागी बरोबरच्या (=) चिन्हांची आणि आकड्यांची माळ दिसते, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. खापर फुटतं लिनक्सवर. खरं तर गडबडीचा बराचसा भाग १९९८ साली घेतलेल्या एका निर्णयात आहे, आणि तेव्हा घरच्या कंप्युटरवरचं लिनक्स हा कुणाच्या हिशोबातला विषयच नव्हता.

त्याआधीचं थोडक्यात. विंडोजचा जुना मेल प्रोग्रॅम आउटलुक एक्सप्रेस पत्ते ठेवायचा ते डब्ल्यूएबी नावाच्या बंद फाइलमध्ये. व्हिस्टात प्रत्येक संपर्काची वेगळी एक्सएमएल फाइल झाली. थंडरबर्ड या विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणाऱ्या मोफत मेल प्रोग्रॅमने २००४ च्या पहिल्या आवृत्तीपासून नेटस्केपच्या घराण्यातलं मॉर्क हे स्वरूप चालवलं. ते दिसायला साधा मजकूर, पण बदल केला की जुनी नोंद तशीच राहून नवी फाइलच्या शेपटाला जोडली जायची, त्यामुळे मधलंच पान उघडून वाचणाऱ्याला हमखास चकवा. फायरफॉक्सने इतिहासाच्या नोंदींसाठी मॉर्क २००८ मध्येच सोडलं. थंडरबर्डच्या पत्त्यांना एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) जायला २०२० ची ७८ वी आवृत्ती उजाडावी लागली. थंडरबर्डवरून थंडरबर्डवरच जाणाऱ्यांना मात्र यातलं काही भोगावं लागत नाही. विंडोजवरचा प्रोफाइलचा फोल्डर अख्खा उचलून लिनक्सवर ठेवला की काम होतं.

बाकीच्यांना मधला दुवा लागतो, आणि तो बहुतेक वेळा व्हीकार्ड, म्हणजे संपर्क साध्या मजकुरात लिहिणारी व्हीसीएफ फाइल. तिची २.१ ही आवृत्ती १९९६ ची, काही मोठ्या कंपन्यांनी मिळून बांधलेली. त्यात एक ओबडधोबड पण उपयोगी सोय होती. नावाच्या ओळीतच लिहिता यायचं की पुढचा मजकूर अमुक अक्षरसंचात (कुठलं अक्षर कुठल्या आकड्यांनी साठवायचं याचा तक्ता) आहे आणि तमुक पद्धतीने गुंडाळलेला आहे. प्रत्येक ओळ आपली ओळखपत्रं घेऊन हिंडत होती.

१९९८ च्या ३.० आवृत्तीने ही सोय काढून टाकली. ओळीवर अक्षरसंच लिहायचा नाही. सांगायचाच तर फक्त सोबतच्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीत, सांगायचा. जुनी गुंडाळण्याची पद्धत, म्हणजे कोटेड-प्रिंटेबल, तीही रद्द. यामागचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. एकाच फाइलमध्ये पाच ओळी पाच संचांत असू शकत होत्या, हेडर एक सांगतंय आणि ओळ दुसरंच, असा घोळ होऊ शकत होता. माहिती एकाच ठिकाणी हवी, हे तत्त्व म्हणून कुणीही मान्य करील. पण यात गृहीत धरलं होतं की व्हीकार्ड मेलला जोडूनच प्रवास करणार. पेनड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलला हेडर कुठून असणार? डिस्कवर पडलेली ३.० ची फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमला ती कुठल्या संचात लिहिली आहे हे विचारायला जागाच उरली नाही. कुणी युनिकोड (सगळ्या लिप्यांचा एकच संच) धरून चाललं, कुणी आपल्या विंडोजचा स्थानिक संच. निर्णय कागदावर नेटका होता आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने चुकलेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा परिणाम असा की २.१ मेलीच नाही. नव्यात सोय नाही म्हणून अनेकांनी जुनंच चालू ठेवलं. आजही बऱ्याच अँड्रॉइड फोनमधून काढलेली व्हीसीएफ फाइल उघडली तर दुसऱ्याच ओळीत २.१ लिहिलेलं सापडतं, आणि देवनागरी नावं कोटेड-प्रिंटेबलमध्ये.

म्हणजे नेमकं काय ते पाहू. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि या पद्धतीत प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात: एक बरोबरचं चिन्ह आणि दोन षोडशमान आकडे. ‘आई’ एवढ्याशा नावाची अठरा अक्षरं. ‘ज्ञानेश्वर’मध्ये हलन्त आणि काना-मात्रा धरून दहा चिन्हं, म्हणजे नव्वद अक्षरं. ओळीची मर्यादा ७६ ची, म्हणून नाव मध्येच तोडून ओळीच्या शेवटी एक मोकळं बरोबरचं चिन्ह ठेवायचं, बाकीचं पुढच्या ओळीवर. ही मोडलेली ओळ नीट सांधता न येणारा प्रोग्रॅम पुढचा तुकडा अनोळखी म्हणून टाकून देतो. ज्ञानेश्वराचा ‘ज्ञानेश’ होतो तो असा. आयकॉन्व्ह (अक्षरसंच बदलून देणारा प्रोग्रॅम) चालवून इथे काही साधत नाही, कारण संच बरोबरच असतो, गुंडाळी तेवढी सोडवायची राहिलेली असते.

मराठी वापरणाऱ्यांना हा त्रास उशिरा कळला. आउटलुक एक्सप्रेसच्या काळात आपण नावं रोमनमध्येच लिहायचो, आणि रोमनला कुठलाही संच चालतो. फोनवर मराठी कीबोर्ड रुळला, मामा-काकू देवनागरीत आले, आणि १९९८ चा हिशोब तेव्हा आपल्या दारात येऊन उभा राहिला.

सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याचा, रस्ता सोपा वाटतो, पण मध्ये कुणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतंच. ९१ ने सुरू होणारे बारा आकडी नंबर मग घातांकाच्या रूपात साठतात आणि शेवटचे आकडे कायमचे जातात. त्या मानाने २००० साली मानक झालेलं एलडिफ हे संपर्कांचं आणखी एक मजकुरी स्वरूप दिसायला भयंकर (देवनागरी नावाच्या जागी दोन कोलन आणि बेस६४ ची, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांत गुंडाळलेल्या मजकुराची, चटणी), पण इंपोर्टमध्ये विश्वासू. थंडरबर्ड आणि लिनक्सवरचा मेल प्रोग्रॅम एव्होल्यूशन दोन्ही ते वाचतात. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून घाबरू नये, एवढंच.

ऑगस्ट २०११ मध्ये व्हीकार्ड ४.० आलं आणि वाद एका वाक्यात मिटवला गेला: संच नेहमी यूटीएफ-८. त्याच महिन्यात कार्डडॅव्हही मानक झालं, म्हणजे फाइल न हलवता सर्व्हरवरूनच संपर्क जुळवायचे. थंडरबर्डमध्ये ते अधिकृतपणे २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीत आलं आणि २०२२ च्या १०२ पासून संपर्क आतूनही व्हीकार्डच्या रूपातच राहू लागले. ज्यांचे पत्ते आधीच सर्व्हरवर आहेत त्यांच्यासाठी स्थलांतर हा प्रश्न जवळजवळ उरलेला नाही. फाइलवाल्यांसाठी गट अजून नडतात. ‘सोसायटी कमिटी’सारख्या यादीला व्हीकार्डमध्ये स्वतःची नोंद ४.० पासून मिळाली, २.१ किंवा ३.० मधून आलेल्या फाइलीत माणसं पोचतात, यादी बहुधा नव्याने बांधावी लागते.