सर्वांग बलव्यायाम

ताकद वाढवण्यासाठी वजने उचलण्याच्या ज्या पद्धतीत पाय, पाठ, छाती, खांदे आणि हात या सर्व मोठ्या स्नायूगटांना एकाच सत्रात काम दिले जाते, तिला सर्वांग बलव्यायाम म्हणतात. मुंबईच्या व्यायामशाळांत तिचे रूढ नाव ‘फुल बॉडी’ असे आहे. मधला एकेक दिवस विश्रांतीचा ठेवून आठवड्यातून दोन किंवा तीन सत्रे केली जातात. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, शनिवारी पाय अशी अवयवांची दिवसवार वाटणी करणारी ‘स्प्लिट’ पद्धत हिच्यापेक्षा वेगळी आहे.

महाराष्ट्रातील तालमींना ही कल्पना परकी नाही. जोर, बैठका आणि मुद्गल यांची मेहनत पैलवान अंगाची वाटणी न करता करत आला आहे, आणि दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाचा सराव पाहिला तर एकाच पकडीत मांड्या, पोट, खांदे आणि बोटे कशी एकजुटीने राबतात हे दिसते. पाश्चात्त्य शरीरसौष्ठवातही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच रीत प्रचलित होती; 1950 साली ‘मिस्टर युनिव्हर्स’ ठरलेला स्टीव्ह रीव्ह्ज आठवड्यातून तीनदा संपूर्ण शरीराचा व्यायाम करीत असे.

सत्राचा गाभा स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून ताठ उभे राहणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलणे), ओव्हरहेड प्रेस (खांद्यांवरून डोक्यावर वजन ढकलणे), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणे) आणि पुल-अप (दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणे) अशा अनेक सांधे एकदम वापरणाऱ्या प्रकारांचा असतो. त्यांतून पाय, ढकलणे आणि ओढणे यांचा एकेक प्रकार निवडला तरी सत्र पुरे होते.

जोरकस व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मितीचा वाढलेला वेग साधारणपणे 24 ते 48 तास टिकतो, म्हणून आठवड्यातून एकदाच राबवलेल्या स्नायूचे उरलेले दिवस बरेचसे वाया जातात, असे या पद्धतीच्या बाजूने सांगितले जाते. हा युक्तिवाद खरा असला तरी तो ताणू नये, कारण आठवड्याच्या एकूण सेटची, म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवर्तनांच्या फेऱ्यांची, संख्या सारखी ठेवली, तर स्नायूंच्या वाढीत दोन्ही पद्धतींमधला फरक थोडाच उरतो. ताकदीच्या दृष्टीने अधिक मोलाचा लाभ सरावाचा आहे. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली प्रगती स्नायू वाढल्याने कमी आणि मज्जासंस्था ती हालचाल शिकल्याने अधिक होते. पाच-पाच आवर्तनांचे तीन सेट आठवड्यातून तीनदा केले, तर स्क्वॉटची 45 आवर्तने होतात आणि त्यांतली बहुतेक ताज्या अंगाने होतात; तीच एका दिवशी उरकायला गेल्यास शेवटच्या सेटना कंबर वाकते आणि चुकीची ढब अंगवळणी पडते. सुरुवात 20 किलोच्या नुसत्या बारने, म्हणजे वजने न लावलेल्या लोखंडी दांड्याने, करावी आणि ढब न बिघडता सर्व आवर्तने झाली की पुढच्या सत्रात दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट (वजनाची चकती) चढवावी. अडीच किलोंची ही वाढ क्षुल्लक वाटते, पण आठवड्यातून तीन वेळा ती साधता येते, हेच या पद्धतीचे बळ आहे.

मुंबईत तिचा आणखी एक गुण प्रत्ययाला येतो. बदलापूर किंवा विरारहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्याचा एखादा दिवस पावसात रूळ पाण्याखाली गेल्याने बुडणारच. वाटणीच्या वेळापत्रकात शनिवार बुडाला, तर पायांना थेट चौदा दिवसांनी व्यायाम मिळतो; सर्वांग पद्धतीत बुधवार बुडाला, तरी शुक्रवारी काहीच मागे राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूगटांचा बलव्यायाम करावा, असे म्हटले आहे. दोन सर्वांग सत्रांत ही अट पूर्ण होते.

मर्यादाही आहेत. सत्र लांबते, आणि जड स्क्वॉटनंतर बाकीच्या प्रकारांना दम कमी पडतो. स्पर्धेसाठी एकेका स्नायूला घडवणाऱ्या शरीरसौष्ठवपटूला वाटणीचीच पद्धत सोयीची पडते. पहिल्या पंधरवड्यात मांड्या भरून येतात आणि दादरच्या पुलाचा जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. सेट कमी ठेवून हळूहळू वाढवल्यास हा त्रास बराच टळतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. वजने बरीच वाढल्यावर दर सत्रात भार चढवणे शक्य होत नाही. तेव्हा आठवड्यात एक जड, एक हलका आणि एक मध्यम दिवस ठेवतात आणि डेडलिफ्ट बहुधा एकदाच घेतात.