प्रायोगिक अ‍ॅनिमेशन लघुपट

कथानक आणि संवाद यांऐवजी रेषा, रंग, पोत व लय यांतून आशय घडवणारे, बहुधा काही मिनिटांचेच अ‍ॅनिमेशनपट. पहिल्या भेटीत ते विचित्र वाटतात आणि ‘मुलांसाठीचे कार्टून’ या समजुतीत कुठेच बसत नाहीत, म्हणून गंभीर कलाचर्चेत त्यांना फार उशिरा जागा मिळाली. हा विचित्रपणा बहुतेक वेळा कलावंताच्या हाताखालील साहित्यातून आलेला असतो. ते साहित्य डोळ्यांनी ओळखू लागणे, ही त्यांच्या रसग्रहणाची खरी सुरुवात होय.

फ्रान्समध्ये अलेक्झांद्र अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी पांढऱ्या फळीत लाखो बारीक टाचण्या आरपार बसवून त्यांवर तिरका प्रकाश सोडला. टाचणी जितकी पुढे, तितकी तिची सावली लांब. या सावल्यांच्या दाटीतून काळ्या-करड्या छटा उमटतात. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या संगीतावरील त्यांचा ‘नाइट ऑन बाल्ड माउंटन’ (१९३३) जेमतेम आठ मिनिटांचा आहे, पण त्यातील धुरकट, विरघळणारी रूपे शाईच्या रेषेला साधली नसती.

कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात १९४१ पासून काम करणारे नॉर्मन मॅक्लारेन चौकटीतील (फिल्मच्या एका फ्रेममधील) चित्रापेक्षा दोन चौकटींच्या मध्ये काय घडते, याला अधिक महत्त्व देत. ‘बिगॉन डल केअर’मध्ये (१९४९) त्यांनी व एव्हलिन लँबार्ट यांनी कॅमेरा बाजूला ठेवून पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या जॅझच्या तालावर थेट फिल्मच्या पट्टीवरच रंगवले आणि ओरखडे काढले. ऑस्कर पुरस्कार मिळालेल्या ‘नेबर्स’मध्ये (१९५२) एका फुलापायी दोन शेजारी एकमेकांचा जीव घेतात. त्यात जिवंत नटांनाच चौकटीगणिक हलवलेले आहे: नट उडी मारतो, तो हवेत असतानाच एक चौकट टिपली जाते, आणि अशा असंख्य उड्या जोडल्या की माणूस गवतावरून अधांतरी सरकू लागतो. पाहताना हसू येते. पुढे त्याच तंत्राने दाखवलेली हिंसा म्हणूनच अधिक बोचते.

चेक कलावंत यान श्वांकमायेर यांच्या ‘डायमेन्शन्स ऑफ डायलॉग’मध्ये (१९८२) मातीची दोन डोकी समोरासमोर येतात. एकाच्या तोंडातून टूथब्रश निघतो, दुसऱ्याच्या तोंडातून पेस्ट. पावाला लोणी, बुटाला नाडी, पेन्सिलीला शार्पनर. मग क्रम चुकतो, बुटावर लोणी फासले जाते, आणि संवाद तुटणे म्हणजे काय हे एकही शब्द न उच्चारता कळते. मातीला पडत जाणाऱ्या भेगा हाच येथे अभिनय आहे.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनसारख्या सरकारी संस्थेत हे प्रयोग व्हावेत, ही विशेष मोलाची गोष्ट. प्रागमध्ये बाहुलीपटांचे चेक दिग्दर्शक यिर्झी त्र्न्का यांच्याकडे शिकून आलेले प्रमोद पती यांनी ‘आबिद’मध्ये चित्रकार-व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनाच चौकटीगणिक हलवून खोलीभर रंग खेळवला. त्याच सुमारास जे. जे. कला महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, चित्रकार अकबर पदमसी यांनी ‘सिझिजी’ हा सोळा मिलिमीटरचा मूकपट केला. त्यात पात्र नाही, गोष्ट नाही, संगीतही नाही. रेषा व बिंदू तेवढे जुळतात आणि सुटतात. पदमसींची चित्रे जाणणाऱ्यानेही तो एकदा पाहून थांबू नये. दुसऱ्या खेपेला अर्थाचा शोध मागे पडतो आणि नजर रेषेच्या चालीबरोबर चालू लागते.