आभाळ, गुडघा आणि चार घरांची वही

श्रावणातल्या सकाळी इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात एखाद्या मराठी घरी गेलात, तर पोह्यांच्या बशीसोबत आजींचं हे वाक्य हमखास कानावर येईल : "आज पाणी पडणार. पहाटेपासून गुडघा बोलतोय." घरातले सगळे माना डोलावतात, कारण मागच्या वेळीही असंच झालं होतं.

दुखणं खरं असतं, त्याबद्दल वाद नाही. तपासायचं आहे ते "मागच्या वेळीही असंच झालं" हे. आपल्या पक्क्या समजुतींपैकी बऱ्याचशा याच पायावर उभ्या असतात.

आभाळ आणि गुडघा यांचे दिवस चार प्रकारचे असतात : आभाळ होतं आणि दुखलं, आभाळ होतं आणि दुखलं नाही, ऊन होतं तरी दुखलं, ऊन होतं आणि दुखलं नाही. आठवणीत पहिला प्रकार ठसठशीत राहतो. बाकीच्या तिन्हींत लक्षात ठेवण्यासारखं काही घडलेलंच नसतं. संबंध आहे की नाही हे मात्र तक्त्यातल्या चारही घरांवरून, म्हणजे चारही प्रकारच्या दिवसांवरून ठरतं.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ यान स्मेड्सलुंड यांनी 1963 साली परिचारिकांना 100 रुग्णांची कार्डं दिली. प्रत्येक कार्डावर एक लक्षण आणि एक आजार आहे की नाही एवढंच होतं. लक्षण असलेले 54 रुग्ण, त्यांपैकी 37 जणांना आजार. लक्षण नसलेले 46, त्यांपैकी 33 जणांना आजार. म्हणजे लक्षण असताना सुमारे 69 टक्के आणि नसताना 72 टक्के. संबंध जवळपास नाहीच. तरीही बहुतेक परिचारिकांनी संबंध आहे असं सांगितलं. रोज रुग्ण पाहणाऱ्यांचं असं होतं, तर घरच्यांचं झालं तर नवल नाही. त्या 37 कार्डांचा ढीगच डोळ्यांत भरतो.

घरी हे तपासायला एक वही पुरते, पण ती कधी सुरू करायची याला महत्त्व आहे. जुलैत सुरू केली तर इंदुरात आभाळ जवळजवळ रोजच असतं आणि तुलनेला उन्हाचे दिवसच मिळत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे 60 दिवस बरे, कारण त्यांत पावसाची जाती वेळही येते आणि कोरडं ऊनही. वेदनेचा आकडा 0 ते 10 मध्ये, रोज एकाच वेळी, म्हणजे रात्री जेवणाआधी लिहावा. "दुखलं" म्हणजे किती, हे पहिल्याच दिवशी ठरवून पहिल्या पानावर लिहून ठेवावं, समजा 4 किंवा जास्त. हे आधी ठरवलं नाही, तर आभाळाच्या दिवशी 3 सुद्धा दुखण्यात जमा होतो आणि उन्हाच्या दिवशी 5 "विशेष काही नाही" ठरतो. आभाळाची नोंद घरातल्या दुसऱ्या कुणी वेगळ्या कागदावर ठेवावी. दोन्ही कागद शेवटी एकत्र करायचे.

समजा, आभाळाचे 40 दिवस निघाले आणि त्यांतले 24 दुखण्याचे. उन्हाचे 20, त्यांतले 12 दुखण्याचे. 24 आणि 12 शेजारी ठेवले तर आभाळात दुप्पट दुखतं असं वाटतं. पण 40 पैकी 24 म्हणजे 60 टक्के आणि 20 पैकी 12 म्हणजेही 60 टक्केच. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून मोजलेले दिवस नुसते न पाहता टक्केवारी काढायची.

फरक निघालाच, तरी आणखी एक रकाना हवा : त्या दिवशी चालणं किती झालं? पाऊस असला की मेघदूत उपवनातला फेरा चुकतो, दिवसभर बसून सांधे आखडतात आणि दोष ढगांवर जातो.

आता संशोधन काय म्हणतं ते पाहू. 1996 मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी संधिवाताच्या 18 रुग्णांच्या वेदना वर्षाहून अधिक काळ नोंदवून हवामानाशी ताडून पाहिल्या. संबंध सापडला नाही. "ही निव्वळ समजूत" असं म्हणून इथे थांबता आलं असतं आणि बरेच जण थांबलेही. पण 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 2,658 जणांच्या मोबाईलवरच्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत प्रत्येकाचे जास्त दुखण्याचे दिवस त्याच्याच इतर दिवसांशी ताडले होते. दमट हवा, हवेचा कमी दाब आणि जोराचा वारा यांचा वेदनेशी संबंध निघाला, आणि मनःस्थिती व हालचाल हिशेबात धरल्यावरही तो टिकला. पण संबंध लहान होता : एरवी 100 त 5 दिवस जास्त दुखण्याचे असतील, तर दमट, वाऱ्याच्या हवेत सुमारे 6. एवढा बारीक फरक 18 माणसांत दिसणं कठीणच. आजींचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं, आणि त्यांना खोडून काढणाऱ्यांचंही नव्हतं. शिवाय ब्रिटनची हवा माळव्याची नव्हे, म्हणून घरच्या वहीला अर्थ आहे.

वही भरतानाही मन आपल्याच बाजूला ओढतं. "त्या दिवशी जिने चढले होते, तो दिवस धरायचा नाही," अशी सबब सुचते, आणि ती नेमकी उन्हातल्या दुखण्याला सुचते. "निष्पक्ष राहा" असं स्वतःला बजावून हे थांबत नाही. 1984 मध्ये चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मृत्युदंडाबद्दल ठाम मतं असलेल्या विद्यार्थ्यांना बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे अभ्यास वाचायला दिले. न्यायाधीशासारखं निष्पक्ष राहा, या सूचनेने पक्षपात कमी झाला नाही. हाच अभ्यास उलट निष्कर्ष देत असता तर तुम्ही त्याला असंच जोखलं असतं का, हे विचारायला लावल्यावर मात्र तो कमी झाला. म्हणून दिवस गाळण्याआधी विचारायचं : हाच दिवस आभाळाचा असता तर गाळला असता का?

सुरुवातीला पहिल्या पानावर आपली खात्रीही टक्क्यांत लिहावी, समजा 90. साठ दिवसांनी ती एकदम शून्यावर आणायची गरज नाही. वहीने जेवढं सांगितलं तेवढीच, 70 वर किंवा 50 वर, सरकवावी. वहीमुळे औषधांत बदल करू नये. सांधा सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जावं.

पुढच्या सप्टेंबरमध्ये नवी पानं आखाल तेव्हा जुनी वही कपाटात ठेवावी. मागचा निकाल समोर असला की रात्री लिहायचा आकडा त्याच्याकडे झुकतो.