अनुमानदर्शक क्रियाविशेषणे (इंग्रजी भविष्यार्थी लेखनातील)

पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी लिहिताना लेखकाला तिची कितपत खात्री आहे, हे दर्शविणारे इंग्रजी शब्द. ‘प्रॉबॅब्ली’, ‘प्रिझ्यूमॅब्ली’, ‘पर्हॅप्स’, ‘मेबी’, ‘सर्टन्ली’ हे त्यांपैकी नेहमीचे. क्रिया कशी घडते हे ते सांगत नाहीत, तर संपूर्ण विधानावर लेखकाचा अभिप्राय नोंदवितात. म्हणून रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांनी १९८५ च्या व्याकरणात त्यांना वाक्याच्या गाभ्याबाहेरील ‘डिसजंक्ट’ या वर्गात घातले.

या शब्दांचे कार्य ठरविताना आधी एक जुना वाद सोडवावा लागतो : इंग्रजीत भविष्यकाळ आहे काय? भूतकाळासाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूप आहे. भविष्यासाठी तसे नाही, ‘विल’ किंवा ‘शॅल’ यांचे साहाय्य घ्यावे लागते. लॅटिनच्या साच्यावर बेतलेल्या व्याकरणांनी ही जोडणीच भविष्यकाळ मानली. या दोन शब्दांची पुरुषानुसार वाटणी जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये मांडली. याउलट भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी, आणि पुढे २००२ मध्ये व्याकरणकार हडलस्टन व पुलम यांनी, इंग्रजीत भविष्यकाळ नाही अशी भूमिका घेतली. ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छिणे’. भविष्याकडे झुकणारे त्याचे प्रयोग जुन्या इंग्रजीतही आढळतात, परंतु तो वापर स्थिरावला तो बहुधा मध्ययुगीन इंग्रजीत. दार वाजताच ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असे म्हणतात, तेव्हा बोलणे वर्तमानाबद्दल असते आणि ‘विल’ केवळ तर्क दर्शवितो. हे उदाहरण पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

तसे असेल, तर तर्क ‘विल’मध्येच आहे, क्रियाविशेषण त्याची मात्रा किंवा आधार स्पष्ट करते. ‘इट विल रेन’ हे जवळजवळ ठाम भाकीत, तर ‘इट विल प्रॉबॅब्ली रेन’ यात शक्यता अधिक, पण खात्री नाही. ‘प्रिझ्यूमॅब्ली’ मात्र मात्रेपेक्षा आधाराकडे बोट दाखविते : हाती असलेल्या माहितीवरून असे धरून चालायला हरकत नाही. म्हणून आधार नसलेल्या भाकितात ते खटकते. सहायक क्रियापद व क्रियाविशेषण एकाच मात्रेची असली (‘मे पॉसिब्ली’), तर शंका दुप्पट होत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये अशा जोडीला ‘सुसंवादी’ म्हटले.

या क्रियाविशेषणांचे स्थान सहसा पहिल्या सहायक क्रियापदानंतर : ‘शी विल प्रॉबॅब्ली कम’. नकार संक्षिप्त रूपात आला की ते आधी सरकते : ‘शी प्रॉबॅब्ली वोंट कम’. ‘मेबी’ बहुधा वाक्यारंभी येते.

‘होपफुली’ हा शब्द ‘अशी आशा आहे की’ या अर्थाने वाक्याला जोडण्यावर १९६० नंतर अमेरिकेत बराच आक्षेप घेतला गेला. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने तो वापर २०१२ मध्ये मान्य केला. जर्मन ‘होफंटलिश’च्या प्रभावातून तो आला असावा, असे काहींचे मत आहे.

या शब्दांना आकडे जोडण्याचेही प्रयत्न झाले. अमेरिकी गुप्तवार्ता विश्लेषक शर्मन केंट यांनी १९६४ मध्ये ‘प्रॉबेबल’साठी सुमारे ७५ टक्के सुचविले. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १००, तर ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० ते १०० टक्के शक्यता.