जॉर्ज लॉइड: बॅकबेच्या भरावामागचा गव्हर्नर

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची बातमी आली की ‘ब्रिटिशांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या’ एवढं एक वाक्य ठरलेलं असतं. ब्रिटिशांनी म्हणजे नेमकं कोणी, हे त्यात येत नाही. या चाळी ज्या विकास खात्याच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी) नावाने ओळखल्या जातात, ते 1920 साली सुरू करणारा गव्हर्नर म्हणजे जॉर्ज अँब्रोज लॉइड.

लॉइड यांचा जन्म 1879 चा, बर्मिंगहॅमजवळच्या उद्योजक घराण्यातला. केंब्रिजच्या नौकाशर्यतीत त्यांनी दोन वर्षं सुकाणू धरलं, पदवी मात्र घेतली नाही. इस्तंबूलच्या वकिलातीत बिनपगारी उमेदवारी केली आणि 1910 मध्ये हुजूर पक्षाच्या मित्रपक्षाकडून, लिबरल युनियनिस्टांकडून, पार्लमेंटात गेले. महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते खासदार होतेच, शिवाय वॉरिकशायरच्या घोडदळात अधिकारीही होते. गॅलिपोलीच्या लढाईनंतर कैरोतल्या अरब ब्युरो या ब्रिटिश हेरकचेरीत त्यांची नेमणूक झाली. 1917 मध्ये तुर्कांच्या ताब्यातला यार्मुकचा रेल्वेपूल उडवायला निघालेल्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला त्यांनी वाळवंटात काही मजल सोबत केली. हा काळ चरित्रकारांच्या आवडीचा. आपल्याकडच्या खुणा आहेत त्या पुढच्या पाच वर्षांच्या.

डिसेंबर 1918 मध्ये लॉइड मुंबईला आले तेव्हा त्यांचं वय जेमतेम 39 होतं. युद्धात गिरण्यांनी पैसा केला होता, कामगारांना राहायला जागा नव्हती आणि जमिनीचे भाव रोज चढत होते. यावर लॉइड यांनी काढलेला तोडगा आजही वादाचा आहे. कामगारांची घरं आणि समुद्रातली भर ही दोन्ही कामं त्यांनी एकाच खात्याकडे दिली. घरांसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. भर मात्र कर्ज काढून घालायची आणि तयार झालेली जमीन विकून ते फेडायचं, असा हिशेब होता.

हा हिशेब कागदावर चोख दिसत होता. बॅकबे म्हणजे मुंबईच्या पश्चिमेच्या उपसागरात कुलाब्यापासून उत्तरेकडे 1,145 एकर जमीन, तिचे आठ भाग आणि बंदरातला गाळ उपसून पोकळी भरणारं अजस्र यंत्र. यंत्राचं नावही ‘सर जॉर्ज लॉइड’! पण बंदराच्या तळाशी गृहीत धरला होता तसा मऊ गाळ सगळीकडे नव्हता, त्यामुळे यंत्र अपेक्षेच्या जवळपासही पोचेना. कांदिवलीच्या खाणीतला दगड टाकून बांधलेली भिंत पाझरत होती. आत भरलेला गाळ फटींतून परत समुद्रात जायचा. एवढ्यात युद्धोत्तर तेजी ओसरली. विकायची जमीन अजून पाण्याखाली आणि तिचा भाव मात्र आधीच खाली आलेला.

याच बॅकबेत 1860 च्या दशकात एक कंपनी बुडाली होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाची तेजी फुटली आणि तिचे शेअर मातीमोल झाले. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरोघरी ही आठवण होती. तरीही सरकार त्याच उपसागरात, पुन्हा एका युद्धाच्या तेजीवर भिस्त ठेवून उतरलं, हे मला तांत्रिक चुकीपेक्षा मोठं वाटतं.

कायदेमंडळात या योजनेच्या मागे हात धुऊन लागला तो एक तरुण पारशी वकील. त्याने एका अधिकाऱ्यावर थेट आरोप केले, अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि वकील निर्दोष सुटला. 1926 मध्ये चौकशी समिती बसली. अखेर आठपैकी पहिला, दुसरा, सातवा आणि आठवा एवढेच भाग भरून निघाले. त्यांतला सर्वांत दक्षिणेकडचा भाग लष्कराला विकला गेला. उत्तरेकडच्या भागांवर मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. 2018 मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या तेव्हा ‘लॉइडचा मूर्खपणा’ हा जुना शब्दप्रयोग कुणाच्या लक्षातही नव्हता. उरलेल्या पाण्यातला काही भाग स्वातंत्र्यानंतर भरला. त्या टोकाला आज त्याच वकिलाचं नाव आहे: नरिमन पॉइंट.

चाळींचं गणितही असंच अर्धवट राहिलं. संकल्प 50,000 खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती झाल्या, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या. सुरुवातीला कामगार तिथे जायला तयार नव्हते. भाडं परवडत नव्हतं, काँक्रीटच्या खोल्या कोंदट होत्या आणि वरळीहून गिरणी लांब पडायची. या चाळी तुरुंग म्हणूनच बांधल्या असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं, ते खरं नाही. रिकाम्या इमारतींत पुढे सत्याग्रहींना डांबलं, त्यावरून तो समज पसरला.

लॉइड 1923 अखेर मायदेशी गेले, पुढे इजिप्तमध्ये हाय कमिशनर झाले. 1929 मध्ये मजूर सरकारने त्यांना पायउतार व्हायला लावलं. गांधीजींच्या अटकेसाठी आग्रह धरणारा हा माणूस 1930 च्या दशकातही भारताला स्वराज्याचे अधिकार देण्याविरुद्ध चर्चिलच्या गोटात होता. त्याच चर्चिलच्या मंत्रिमंडळात वसाहतमंत्री असताना फेब्रुवारी 1941 मध्ये ते वारले.

त्यांच्या नावाचा सिंधमधला बंधारा आता सक्कर बराज म्हणून ओळखला जातो. भोरजवळच्या लॉइड धरणाला लोक भाटघर म्हणतात आणि जलाशयाला येसाजी कंक यांचं नाव आहे. नीरेच्या कालव्यांना पाणी अजून तिथूनच सुटतं. वरळीत 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांच्या घरांचा ताबा 2025 मध्ये मिळू लागला.