ज्वारीचे दाणे आणि ६४१

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट गव्हात किंवा तांदळात सांगतात. वऱ्हाडात ती ज्वारीत सांगावी, भाकरीला तीच लागते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं, तर सोळाव्या घरापर्यंत जेमतेम दोन किलो ज्वारी होते. पायलीत सहज मावेल. बाविसाव्यापर्यंत सव्वा क्विंटल. बत्तिसाव्यापर्यंत १,२८८ क्विंटल, आणि अजून अर्धा पट रिकामाच!

सगळे दाणे मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वजन साधारण ५५,००० कोटी टन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या दशगुणी (प्रत्येक आधीच्याच्या दहापट) नावांपैकी शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. हे झाले १८४ परार्धांहून जास्त. खिशातला साधा कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो.

ही संख्या म्हणजे २ चा ६४वा घात वजा १. हिचे अवयव पाडायला मात्र शाळेतलं एकच सूत्र पुरतं: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. ते लावलं की २ चा ३२वा घात अधिक १ आणि वजा १ असे दोन तुकडे पडतात. वजावाल्या तुकड्याला पुन्हा तेच सूत्र, मग पुन्हा तेच. शेवटी उरतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. या सगळ्या २ चा घात अधिक १ अशा आहेत, आणि तो घातही २ चाच घात आहे: १, २, ४, ८, १६, ३२. या जातीच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असं सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं, म्हणून त्यांना फर्मा संख्या म्हणतात. सहाव्या संख्येने त्याला तोंडघशी पाडलं.

१७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो. तो वाटेल त्या संख्येने भागत बसला नव्हता. अवयव असलाच तर तो ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असणार, हे त्याला सिद्ध करता आलं. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवीच ६४१.

भागाकार न करताही हे पटवता येतं, आणि मला तरी हाच यातला सर्वांत देखणा भाग वाटतो. ६४१ म्हणजे ६४० अधिक १. म्हणून ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला की उरलेल्याला ६४१ ने भाग जातो. कारण पुन्हा तेच वर्गांचं सूत्र. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. तेव्हा ही संख्या झाली ६२५ गुणिले २ चा २८वा घात, वजा १. आता ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा. त्याला २ च्या २८व्या घाताने गुणलं की मिळतं ६२५ गुणिले २ चा २८वा घात, अधिक २ चा ३२वा घात. भाग दोन्हींना जातो, मग त्यांच्या वजाबाकीलाही जाणारच. ती वजाबाकी आहे २ चा ३२वा घात अधिक १. दुसरा अवयव ६७,००,४१७, आणि तोही मूळ.

त्यापुढच्या फर्मा संख्यांत आजवर एकही मूळ सापडलेली नाही. २ च्या घाताच्या जागी २ चा ३२वा घात असलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संयुक्त निघाल्या. त्यानंतरची, घाताच्या जागी २ चा ३३वा घात असलेली, सुमारे २५८ कोटी अंकांची आहे. ती मूळ की संयुक्त, हे अजून ठरलेलं नाही.